बत्तीस बोअरच्या पिस्तुलाला होल्स्टर निवडताना

परवाना मंजूर झाला, पिस्तूल घरी आलं, कुलपाची पेटी भिंतीत बसवून झाली. एवढं सगळं निगुतीनं करणारा माणूस होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायचं म्यान, मात्र दुकानदार काउंटरवर ठेवेल ते उचलतो. मीही तेच केलं होतं. वडिलांच्या पश्चात त्यांचं जुनं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप) पिस्तूल रीतसर माझ्या परवान्यावर आलं, तेव्हा एका दुकानातून काळं नायलॉनचं होल्स्टर घेतलं. "फ्री साईझ हाय, कुठलंबी बसतंय," म्हणाले. आठवड्याभरात रंकाळ्याच्या कठड्यावर टेकलो, उठलो, चार पावलं गेलो. कमरेला हलकं का लागतंय म्हणून वळून पाहिलं, तर पिस्तूल कठड्यावर पडलेलं आणि हातभर अंतरावर एक पोरगं भेळ खात बसलेलं. चेंबर, म्हणजे नळीमागची काडतुसाची जागा, रिकामं होतं आणि पोराचं लक्ष भेळेत होतं. दोन्हींत माझी काही पुण्याई नव्हती.

त्या दिवसापासून ‘फ्री साईझ’ हा शब्द ऐकला की मी दुकानातून बाहेर पडतो. ज्या गावात पायाचं माप दिल्याशिवाय चप्पल होत नाही, त्या गावात आपण हत्याराला मात्र कुठल्याही पिशवीत कोंबतो. हा लेख नव्याने परवाना मिळालेल्यांसाठी आहे. गुळाचे व्यापारी, सराफ, पंपवाले, रोकड घेऊन फिरणारे, आणि माझ्यासारखे वारसाने हत्यार आलेले. परवाना कसा काढायचा हा वेगळा विषय आहे, तो इथे नाही.

आधी कायदा

शस्त्र नियम, २०१६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी हत्यार कसं न्यायचं हे सांगितलेलं आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये असलं पाहिजे किंवा पाठपिशवीसारख्या आवरणात असलं पाहिजे. ते पूर्ण झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. म्हणजे शर्ट खोचून कमरेला उघडं पिस्तूल लावून लग्नात मिरवणं ही ऐट नव्हे, नियमभंग आहे. मिरवता मिरवता हवेत बार काढला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कोल्हापुरात परवाना जिल्हाधिकारी देतात. तो कुठल्या हद्दीपुरता आहे हे परवान्यावरच छापलेलं असतं, ते एकदा नीट वाचा. निपाणी आपल्याला गावातलीच वाटते, पण कागदोपत्री ते दुसरं राज्य आहे.

‘पूर्ण झाकलेलं’ आणि ‘ताब्यात’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी निवड त्यांच्यावरच बेतलेली आहे.

तुमचं हत्यार नक्की कोणतं?

नवा माणूस आधी मोबाईलवर होल्स्टर शोधतो आणि तिथे त्याला अमेरिकेतली चित्रं दिसतात. त्यातलं बहुतेक सगळं ग्लॉक, सिग यांसारख्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांसाठी बनवलेलं असतं. आपल्याकडे नऊ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. आपल्या कमरेला असतं ते .३२. इशापूरच्या कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल, कानपूरची रिव्हॉल्व्हर, त्यातलंच २०१४ साली आलेलं अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’, नाहीतर आयात बंद होण्याआधी देशात आलेली आणि घराण्यांतून फिरत राहिलेली वॉल्थर पीपी, पीपीके, ब्राउनिंगचं १९१० मॉडेल, वेब्ली. चित्रातलं देखणं होल्स्टर तुमच्या हत्याराला बसणार नाही. ‘साधारण त्याच आकाराचं आहे’ म्हणून मागवलं तर बिलकुल बसणार नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे वही घ्या. पिस्तूल रिकामं करा. मॅगझिन (मुठीतली काडतुसांची डबी) काढा, स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि मग बोट घालून बघा. काडतुसं उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. आता लिहा. कंपनी आणि मॉडेल काय आहे. नळीच्या तोंडापासून मागच्या टोकापर्यंत लांबी किती. सगळ्यात जाड भाग किती, आणि तो स्लाइडचा आहे की मुठीचा. घोडा (ट्रिगर नव्हे, मागचा हॅमर) बाहेर दिसतो की आत दडलेला आहे. सेफ्टी (बार अडवणारी कळ) स्लाइडवर आहे, फ्रेमवर (खालच्या सांगाड्यावर) आहे, की मुठीच्या मागे दाबली जाणारी आहे. मॅगझिन सोडायचं बटण कुठे आहे.

ही वही फालतू वाटेल, पण पुढे तीच उपयोगी पडते. उदाहरण देतो. पीपी १९२९ सालची आणि पीपीके त्यानंतर दोन वर्षांनी आलेली. दोन्ही बहिणीबहिणी, दुरून सारख्याच दिसतात. पण एक १७० मिलिमीटर लांब आणि दुसरी १५५. पीपीसाठी शिवलेल्या होल्स्टरमध्ये पीपीके घातली तर ती दीड सेंटिमीटर खाली घसरते, मूठ होल्स्टरच्या काठात रुतते आणि काढताना पंजा पूर्ण बसतच नाही. ब्राउनिंग १९१० ला मुठीच्या मागे सेफ्टी आहे, तिथे होल्स्टरचा काठ उंच शिवला तर तो काठच ती दाबून ठेवतो आणि सेफ्टी असून नसल्यासारखी होते. वॉल्थरची सेफ्टी स्लाइडवर आहे, घट्ट होल्स्टरमध्ये सरकवताना ती आपोआप खाली-वर होऊ शकते. हे सगळं माप घेतल्यावरच कळतं.

जुन्या हत्यारांबद्दल आणखी एक. त्यांतली बरीचशी अशा काळातली आहेत, जेव्हा हातातून पडल्यावर बार उडू नये यासाठी आत वेगळी अडसर-पट्टी बसवायची पद्धत सर्रास नव्हती. असं हत्यार चेंबर रिकामं ठेवूनच बाळगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणी ‘मग वेळेला काय उपयोग’ म्हणून हसलं तर हसू दे.

होल्स्टरनं करायची तीन कामं

बाकी रंग, शिवण, नक्षी सगळं नंतर. ही तीन कामं होत नसतील तर ते होल्स्टर नाही, पिशवी आहे.

पहिलं काम ट्रिगर झाकण्याचं. ट्रिगर आणि त्याभोवतीची कडी दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद हवी, आणि तीही कडक आवरणानं. ट्रिगरचा भाग नुसता दिसत नाही एवढ्यावर समाधान मानू नका. रिकामं पिस्तूल आत घालून बाहेरून अंगठ्यानं त्या जागी जोरात दाबा. आत ट्रिगर हलल्याचं जाणवलं तर ते होल्स्टर तिथेच ठेवून या. मऊ नायलॉन आणि पातळ कापडाची होल्स्टरं या एका परीक्षेतच नापास होतात. गर्दीत कुणाचा कोपरा लागतो, गाडीतल्या पट्ट्याचं बक्कल रुततं, अशा वेळी मधे असलेली भिंत कडक पाहिजे.

दुसरं काम धरून ठेवण्याचं. धावलात, वाकलात, बुलेटवरून खड्ड्यात आदळलात, तरी पिस्तूल जागेवर राहिलं पाहिजे. हे दोन प्रकारे होतं. एकतर होल्स्टर हत्याराच्या अंगाला इतकं बेतून बसवलेलं असतं की घर्षणानंच ते धरून ठेवतं, किंवा वरून बटणाची पट्टी असते. बटणपट्टी घेणार असाल तर नीट बघा, उघडी असताना तिचं टोक आत वळून ट्रिगरच्या कडीत शिरू शकतं का. शिरत असेल तर पट्टी कापून छोटी करून घ्या, नाहीतर दुसरं बघा.

तिसरं काम बहुतेकांना सुचतच नाही. पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. तोंड मिटणारं होल्स्टर सगळ्यात धोक्याचं. परत ठेवताना माणूस नळीनंच ते उघडायला बघतो, नळी स्वतःच्या मांडीकडे किंवा पोटाकडे वळते, आणि दुमडलेला काठ ट्रिगरच्या कडीत अडकतो. वर जोर लावून खाली दाबलं की तो काठच बोटाचं काम करतो. जुनं, मऊ पडलेलं कातडी होल्स्टर असंच दगा देतं. अपघात पिस्तूल काढताना कमी होतात आणि परत ठेवताना जास्त, हे कुठलाही जाणता माणूस तुम्हाला सांगेल.

कमरेवर कुठे, ते तुमच्या कपड्यावर

इथे परदेशातले लेख आपल्याला फार उपयोगी पडत नाहीत, कारण ते गृहीत धरतात की प्रत्येक जण जीन्स आणि जाड पट्टा घालतो. आपल्याकडे मार्केट यार्डात जा, निम्मी माणसं पांढऱ्या लेंग्या-नेहरूशर्टात. लेंग्याला नाडी. नाडीला पिस्तूल लटकवायचं कसं?

आधी पँटवाल्यांचं बघू. कमरेचं घड्याळ करा. बेंबीला बारा, उजव्या कुशीला तीन, पाठीच्या कण्यावर सहा. उजव्या हातानं काम करणाऱ्याला तीन ते चारच्या मधली जागा सगळ्यात सोयीची. होल्स्टर किंचित पुढे झुकलेलं, दहा-पंधरा अंशांत, म्हणजे मूठ मागून शर्टाला तंबूसारखी टोचत नाही.

पट्ट्याच्या बाहेर लावलं तर आरामशीर वाटतं, पण झाकायला लांब आणि सैल शर्ट किंवा जाकीट लागतं. पट्ट्याच्या आत, पँट आणि अंगाच्या मधे लावलं तर एक बाहेर सोडलेला शर्टसुद्धा पुरतो. नवख्याला मी आतलंच सुचवेन. त्यासाठी पँट कमरेला इंच-दोन इंच सैल लागते, हे मात्र शिंप्याला आधी सांगा. नाहीतर पहिल्या आठवड्यात ‘रुततंय’ म्हणून होल्स्टर कपाटात जाईल आणि पिस्तूल खिशात. खिशात नुसतं पिस्तूल, किल्ल्या आणि सुटे पैसे एकत्र, यासारखा मूर्खपणा दुसरा नाही.

पोटावर, एकच्या जागी लावायची पद्धत बाहेर फार चालते. झाकायला उत्तम आणि हात लवकर पोचतो. पण नळी थेट जांघेकडे असते, आणि खाली बसून जेवायचं म्हटलं, पंगतीत मांडी घालायची म्हटली, की पोट मधे येतं. ज्याची सवय पक्की झालेली नाही त्यानं त्या वाटेला जाऊ नये. पाठीच्या कण्यावर लावायचंही नाही. दुचाकीवरून घसरलात तर तुमचा कणा आणि रस्ता यांच्यामध्ये सहाशे ग्रॅमचं लोखंड असेल. आणि मागून कुणी शर्ट उचलला तर तुम्हाला कळायच्या आधी त्याला कळेल.

घोट्यावरचं होल्स्टर सिनेमात छान दिसतं, उसाच्या शेतात आणि चिखलात नाही. खांद्यावरून अडकवायचं होल्स्टर गाडी चालवणाऱ्याला सोयीचं, पण वर जाकीट लागतं आणि एप्रिल-मे महिन्यात जाकीट घालून फिरणारा माणूस अर्ध्या कोल्हापूरला सांगत फिरतो की आपल्याकडे काय आहे.

आता लेंगेवाले. तुमच्यासाठी दोनच खरे पर्याय. एक, पोटावर बांधायचा रुंद लवचिक पट्टा. पण नुसता कापडी नको. त्यात ट्रिगरचा भाग झाकणारं कडक कवच बसवलेलं पाहिजे, नाहीतर वरची अंगठ्याची परीक्षा आठवा. दुसरा, लेंग्याच्या आत स्वतंत्र कातडी पट्टा बांधणं. नाडी लेंग्याला, पट्टा हत्याराला. माझ्या ओळखीचे एक गूळव्यापारी असंच करतात आणि वरून नेहरूशर्ट गुडघ्यापर्यंत असल्यामुळे आजवर कुणाला पत्ता लागलेला नाही. धोतरवाल्यांनाही हेच.

खांद्यावरची पिशवी किंवा पर्स नियमात बसते, पण मला ती आवडत नाही. ती हॉटेलात खुर्चीला टांगली जाते, नातवाच्या हाती लागते, रिक्षात राहते. साडी नेसणाऱ्या बायकांना बऱ्याचदा दुसरा मार्गच नसतो. मग पिशवीत हत्यारासाठी वेगळा कप्पा हवा, त्या कप्प्यात कडक होल्स्टर पक्कं बसवलेलं हवं आणि कप्प्यात दुसरी एकही वस्तू नको, अगदी रुमालसुद्धा. पिशवी अंगावरून उतरवायची नाही.

पट्टा

होल्स्टरवर पाच हजार घालवतील आणि पट्टा दोनशेचा. सैल पट्ट्यावर कितीही चांगलं होल्स्टर बाहेर कलतं, मूठ शर्टातून डोकावते, आणि काढताना पिस्तुलाबरोबर होल्स्टरही वर येतं. दीड इंच रुंद, दुपदरी कातड्याचा पट्टा घ्या. आडवा धरून बघा, मधे लोंबला तर नको. हे आपल्या गावात सहज होतं. चपलेचा तळ शिवणाऱ्याला ‘दोन पदर चिकटवून कडेनं शिव’ म्हटलं की पुरे.

कातडं की प्लास्टिक?

कायडेक्स हे नाव कानावर येईल. हे १९६५ च्या सुमारास विमानांच्या आतल्या भागांसाठी काढलेलं प्लास्टिक. गरम करून साच्यावर दाबलं की जसंच्या तसा आकार घेतं आणि गार झाल्यावर सोडत नाही. पाऊस, घाम, तेल कशाचाच परिणाम नाही. तोंड मिटत नाही, ट्रिगर झाकतं आणि पकड स्क्रूनं कमी-जास्त करता येते. गुण सगळे. अडचण एकच, तुमच्या .३२ च्या मापाचं मिळणं. पीपीके बाहेर अजून लोकप्रिय आहे, तिचं मिळून जाईल. अशनीचं किंवा जुन्या वेब्लीचं मिळवायला कुणीतरी हाताने बनवणारा गाठावा लागतो. मिळालं तर पावसाळ्यासाठी ते एक घेऊन ठेवाच.

कातडं अंगाला मऊ लागतं, आवाज करत नाही आणि आपल्या हाताशी आहे. पण कुठलं कातडं? क्रोम कमावणीचं पर्स-जॅकेटचं कातडं मऊ, लवचिक, ते होल्स्टरला नको. हवं ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, म्हणजे ज्याच्यावर कोल्हापुरी चपलेचा सारा डोलारा उभा आहे तेच. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते कातडं होल्स्टरलाही तितकंच लागू पडतं हे कुणी सांगत नाही. ओलं करून साच्यावर बसवलं की ते आकार धरतं आणि वाळल्यावर फळीसारखं कडक होतं. तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडी पुरते. त्याहून पातळ घेतलं तर तोंड मिटण्याचा प्रश्न उभा राहतो.

माप देणं, हत्यार न देता

मी सुभाषनगरच्या एका कारागिराकडे गेलो. पिढीजात काम, रापी हातात घेतली की कागद कापल्यासारखं कातडं कापणारा माणूस. म्हटलं, "मामा, पिस्तुलाचं होल्स्टर करायचं आहे."

"आणा की पिस्तूल."

"पिस्तूल आणता येणार नाही."

मामांनी चष्म्यावरून बघितलं. "पाय न बघता चप्पल करायला लावताय व्हय?"

त्यांचं बरोबर होतं आणि माझंही. परवान्याचं हत्यार बिगरपरवाना माणसाच्या हवाली करणं, दुकानात दोन दिवस ठेवून येणं हे कायद्यात बसत नाही. एक दिवससुद्धा नाही. रस्त्यालगतच्या दुकानात ते उघडं काढून दाखवणंही नको. मग करायचं काय? साचा न्यायचा.

घरी रिकाम्या पिस्तुलाची बाह्याकृती जाड पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी पेन्सिलीनं काढा. जाडीचं माप कॅलिपरनं घ्या, स्लाइडचं वेगळं, ट्रिगरच्या कडीचं वेगळं, मुठीचं वेगळं. वहीतली मापं इथे कामाला येतात. मग सुताराकडून सागवानी ठोकळ्यात तो आकार काढून घ्या. नक्षीकाम नको, फक्त बाहेरचं अंग. ट्रिगरची कडी पोकळ न ठेवता भरीव ठेवायला सांगा, म्हणजे कातडं त्या पोकळीत आत जात नाही. नळीच्या वरच्या बाजूला, मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत, पेन्सिलीएवढी एक पट्टी चिकटवा. ती पुढच्या नेमाची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्याची वाट. ती नसली तर पुढचा नेम काढताना कातड्याला ओरबाडतो. सेफ्टीच्या जागीही छोटं टेकाड ठेवा, तिथे कातडं सैल राहील आणि सेफ्टी सरकणार नाही. साचा कच्च्या लाकडाचाच राहू द्या, काळा रंग लावून खऱ्यासारखा करायची हौस नको. पिशवीत घालून न्या, पिशवीत घालून आणा.

साचा हातात घेतल्यावर मामांचा चेहरा खुलला. "हां, आता पाय दिसला."

पुढचं काम त्यांचं, पण चार गोष्टी मी आग्रहानं सांगितल्या आणि तुम्हीही सांगा. खिळा एकही नको. आपली खरी कोल्हापुरी कातड्याच्या वादीनं शिवतात, खिळ्यानं नाही, तेव्हा त्यांना यात नवल नाही. इथे मात्र वादीऐवजी मेण लावलेला जाड दोरा आणि दुहेरी टाका, कारण वादी कालांतरानं सैल पडते. दुसरं, तोंडाच्या काठाला आणखी एक पदर शिवायचा, त्या दोन पदरांच्या मधे पातळ पत्र्याची पट्टी घातली तर सोन्याहून पिवळं. तिसरं, घामाच्या बाजूला म्हणजे अंगाकडच्या बाजूला कातडं थोडं उंच ठेवायचं, म्हणजे स्लाइड थेट अंगाला लागत नाही. पण मुठीच्या मागच्या सेफ्टीपर्यंत ते जाता कामा नये. चौथं, तेल पाजायचं नाही.

यावर वाद झाला. चपलेला तेल पाजणं ही इथली रीतच, त्यानं ती पायाला मऊ होते. पण होल्स्टर मऊ झालं की गेलं. मामा म्हणाले, "तेल न पाजता कातडं तडकंल." म्हटलं, तडकलं तर नवं करू. शेवटी बाहेरून मेणाचा हलका हात यावर तडजोड झाली. आणि हो, करकर. चपलेची करकर ही कोल्हापूरकराची शान, चार गल्ल्या आधी कळतं कोण येतंय. होल्स्टर करकरायला लागलं तर कडेच्या शिवणीजवळ मेण घासा. हे कुणाला ऐकू जायला नको.

ओलं कातडं साच्यावर बसवल्यावर सावलीत वाळू द्या, उन्हात नाही, शेगडीजवळ तर मुळीच नाही. दोन दिवस लागतात. पावसाळ्यात चार.

घरी आणल्यावर

पहिले आठ दिवस हत्यार रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि रोज खात्री करून मगच सुरुवात. गादीवर उभे राहा, होल्स्टर पट्ट्यावरून काढून पिस्तुलासकट उलटं धरा आणि हलवा. पडलं नाही पाहिजे. फार सैल असेल तर कातडं पुन्हा किंचित ओलं करून साच्यावर दाबा. फार घट्ट असेल तर पिस्तूल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा, सकाळी पुरेसं सैल होतं.

मग लावून घरात वावरा. पाटावर बसा, मांडी घाला, जिना चढा, वाकून बूट घाला, दुचाकीवर बसून पाय टेकवा. आरशात दोन्ही बाजूंनी बघा. घरच्यांना विचारा, काही दिसतंय का. बायकोला दिसलं तर बाजारालाही दिसेल.

काढण्याचा सराव करा, पण वेगाचा नाही. एका हातानं शर्ट पूर्ण वर उचलायचा, दुसऱ्या पंजाची पकड होल्स्टरमध्येच पक्की करायची, बोट सरळ कडीच्या बाहेर, आणि मग सरळ वर. पकड पूर्ण बसत नसेल तर होल्स्टर फार खोल आहे, शिवणाऱ्याकडे परत न्या. ठेवताना मात्र घाईचं कारणच काय? शर्ट बाजूला धरा, होल्स्टरच्या तोंडात कपड्याचं टोक, नाडीचा गोंडा किंवा जाकिटाची दोरी नाही ना ते डोळ्यांनी बघा, आणि सावकाश सरकवा. कुठे अडलं तर दाबू नका, बाहेर काढा आणि का अडलं ते बघा.

अंगाला बसलेलं होल्स्टर काढताना पिस्तूल त्यातून बाहेर काढू नका. दोन्ही मिळूनच पट्ट्यावरून उतरवा. उगाच काढ-घाल जितकी कमी, तितकं बरं.

हे सगळं शिकायला चांगला माणूस लागतो. परवान्यासाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, तेव्हाच हत्यार बाळगण्याबद्दल मनातलं सगळं विचारून घ्या. नेमबाजीचं गाव म्हणून आपला लौकिक आहे. राही सरनोबतनं २०१८ ला जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं. दुधाळीच्या रेंजवर तुम्हाला पकड, नेम, ट्रिगर कसा दाबायचा हे उत्तम शिकवणारे भेटतील. पण होल्स्टरबद्दल तिथे विचारू नका. त्या खेळात होल्स्टर नसतंच, पिस्तूल पेटीतून येतं आणि पेटीत जातं.

पाऊस

जूनमध्ये गगनबावड्याकडून ढग येऊन बसले की आपल्याकडे कपाटातल्या वह्यांनासुद्धा बुरशी येते. कातडं ओल शोषून घेतं आणि धरून ठेवतं, शिवाय कमावणीचा आंबटपणा त्यात थोडा उरलेला असतो. त्यात पोलाद बंद करून ठेवलं तर गंज ठरलेला. म्हणून रात्री पिस्तूल कातडी होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही. पुसून, तेलाचा पुसट हात देऊन कुलपाच्या पेटीत ठेवायचं, आणि होल्स्टर बाहेर हवेशीर टांगायचं. पावसात भिजलात तर आधी पिस्तूल, मग स्वतःचं डोकं पुसा.

मी हे ठेच खाऊन शिकलो. एका निवडणुकीच्या वेळी हत्यारं जमा करायचा आदेश आला, तेव्हा मी घाईत पिस्तूल होल्स्टरसकटच दिलं. पावती घेतली, निघालो. जवळपास दोन महिन्यांनी परत मिळालं तेव्हा स्लाइडवर कातड्याच्या शिवणीच्या रेषेत तपकिरी गंज उमटलेला, वडिलांनी तीस वर्षं जपलेल्या निळ्या पॉलिशवर. चूक माझी एकट्याची. जमा करताना होल्स्टर काढून घरी ठेवा, पिस्तुलाला तेलाचा पुसट हात द्या, नंबर पावतीशी ताडून बघा आणि मगच निघा.

होल्स्टर कधी बदलायचं? काठ बोटानं दाबल्यावर आत दुमडला, शिवण कुठे सुटली, बटण आपोआप उघडायला लागलं, किंवा उलटं धरल्यावर पिस्तूल सरकलं, यातलं काहीही एक झालं की त्याच दिवशी. टाकताना रापीनं उभं चिरून टाका, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही. साचा मात्र जपून ठेवा. माझा मामांच्या दुकानात फळीवर आहे, चपलांच्या पुठ्ठ्याच्या मापांशेजारी, आणि त्यावर पेन्सिलीनं माझं नाही, वडिलांचं नाव लिहिलेलं आहे.